वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि इटियाडोहकाठची मांडणी

रचून काढलेले वस्तुछायाचित्र म्हणजे असे छायाचित्र, ज्यातल्या वस्तू छायाचित्रकाराने स्वतः निवडलेल्या, स्वतः मांडलेल्या आणि बहुधा त्या एका चित्रापुरत्याच एकत्र आणलेल्या असतात. रस्त्यावरचा किंवा लग्नमंडपातला छायाचित्रकार समोर घडत असलेल्यातून क्षण वेचतो. इथे समोर काहीच घडत नसते. असते ते रिकामे टेबल. त्यावर काय ठेवायचे, कशाशेजारी ठेवायचे, उजेड कोणत्या अंगाने घ्यायचा हे सगळे आधी ठरते आणि बटण सर्वांत शेवटी दाबले जाते. चित्रात तांब्या, दिवा, सुकलेले फूल दिसते, पण ते तिथे का आहेत याचे उत्तर मांडणाऱ्याच्या मनात असते. म्हणूनच छायाचित्रणाचा हा प्रकार गेल्या शंभर वर्षांत आठवण, स्वप्न, भीती आणि शोक यांच्याकडे पाहण्याचे साधन बनला.

महाराष्ट्रातल्या शाळांतून चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिलेल्यांना हा प्रकार चटकन उमगेल. या परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे दोन वेगळे पेपर असतात. वस्तुचित्राच्या दिवशी वर्गाच्या मधोमध स्टुलावर बादली, तांब्या, एखादे वांगे आणि मागे चुण्या पडलेले कापड असते. मुलांनी जे दिसते तेच काढायचे. स्मरणचित्राच्या दिवशी समोर काही नसते. बसथांब्यावरची रांग किंवा पतंग उडवणारी मुले आठवून काढायची. परीक्षेने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि शिकवण्याच्या सोयीसाठी ते योग्यही आहे. रचून काढलेले छायाचित्र मात्र हे दोन्ही पेपर एकाच कागदावर सोडवते. समोर खरी वस्तू असल्याशिवाय कॅमेरा काम करत नाही, आणि ती वस्तू टेबलावर आणून ठेवते ती आठवण.

छायाचित्रणाची सुरुवातच अशा मांडणीने झाली, त्याचे कारण अगदी व्यवहारी होते. सुरुवातीच्या पत्र्यांना प्रकाश टिपायला फार वेळ लागे, आणि एवढा वेळ न हलता बसणे माणसाला जमत नसे. लुई दागेर याने १८३७ मध्ये पॅरिसमधील आपल्या कार्यशाळेच्या कोपऱ्यात प्लास्टरच्या प्रतिकृती, वेताच्या विणीची बाटली आणि भिंतीवरचे चित्र यांची रचना करून ती टिपली. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत तिची गणना होते. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४४ ते १८४६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध केलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकात फळीवर रचलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे छायाचित्र घातले. सोबत त्याने लिहिले की ही भांडी चोराने पळवली तर हे चित्र न्यायालयात त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. वस्तूचे छायाचित्र म्हणजे मालमत्तेची यादी, असा हा हिशेब होता. मनाचा त्यात अजून प्रवेश झालेला नव्हता.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. कोलकाता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतरच्या. लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या पहिल्या पिढीतली नावे. त्या काळी काचेवर ओल्या रसायनाचा थर देऊन, तो सुकण्याआत छायाचित्र घेऊन धुवावे लागे. मुंबईच्या उकाड्यात थर भराभर सुके. या पिढीचा सारा जीव माणसांच्या जातीजमाती, लेणी, देवळे आणि इमारती टिपण्यात खर्ची पडला. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत मात्र विद्यार्थी मांडलेल्या वस्तूंसमोर बसून रेखाटन शिकू लागले. वस्तू मांडून तिच्याकडे तासन्‌तास पाहण्याची शिस्त मराठी मुलखात आली ती या वाटेने, कॅमेऱ्याच्या वाटेने नव्हे.

या दोन वाटा पुढे एका माणसात एकत्र आल्या. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये या कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला छायाचित्रांचा स्टुडिओ चालवला, पुरातत्त्व खात्यात काम केले, लोणावळ्याला छपाईच्या धंद्यात शिरले. जादूचे प्रयोग करताना स्वतःचे नाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. १९१२ च्या एप्रिलमध्ये लंडनहून परतल्यावर त्यांच्याजवळ कॅमेरा होता, पण चित्रपटावर पैसे लावायला कोणी तयार नव्हते. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या एका कुंडीची चित्रे घेतली. ती सलग दाखवली तेव्हा मिनिटभरात माती फुटली, कोंब वर आला आणि वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही फीत ओळखली जाते. ती पाहून भांडवल देणारे पुढे आले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला.

चित्रपटाच्या इतिहासात ‘अंकुराची वाढ’ एखाद्या ओळीत आटोपली जाते. वस्तुछायाचित्राच्या इतिहासात तिची जागा त्याहून मोठी आहे. तिच्यात माणूस नाही, कथा नाही. एक कुंडी आहे आणि न हलणारा कॅमेरा आहे. कुंडी कुठे ठेवायची, उजेड रोज सारखा कसा ठेवायचा, हे सगळे रचनेचे प्रश्न फाळक्यांना सोडवावे लागले. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य घरातले प्रत्येक माणूस नऊ दिवस पाहते. कोंब वाढताना मात्र कोणालाच दिसत नाही, सकाळी तो वाढलेला दिसतो. मन ही वाढ दोन पाहण्यांच्या मधल्या जागेत भरून काढते. फाळक्यांच्या फितीने ती मधली जागा पडद्यावर आणली. पुढच्या काळात त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या फितीत काड्यांना चालवले. निर्जीव वस्तू मांडून, सरकवून, पुन्हा टिपून तिच्यात प्राण असल्याचा भास निर्माण करण्याचे हे तंत्र आजही तसेच वापरले जाते.

जाणीवपूर्वक केलेल्या कलेच्या बाहेर, मराठी घरांत मांडलेल्या वस्तूंचे छायाचित्र पोहोचले ते लग्नाच्या अल्बममधून. अल्बमच्या पानांमध्ये एक फोटो हटकून रुखवताचा असतो. लाडवांचे बुरूज, साखरेच्या फुलांची वेल, लोकरीची बदके, काचेच्या तुकड्यांची तुळस, कागदी बंगला, आणि पुढे शिवलेल्या अक्षरांतला उखाणा. या फोटोत बहुधा एकही माणूस नसतो. वधूची आई, मावशी, आत्या यांनी महिनोन्‌महिने खपून केलेले सारे दोन टेबलांवर मांडलेले असते आणि लग्न उरकताच ते मोडले जाते. संग्रहालयात त्याला जागा मिळालेली नाही, पण रचून काढलेल्या वस्तुछायाचित्राचे जे जे लक्षण सांगावे ते ते यात सापडते. रुखवतातला बंगला म्हणजे मुलीच्या पुढच्या घराबद्दलची आईची इच्छा असते, आणि अनेकदा आईला स्वतःला न मिळालेले घरही तेच असते.

स्टुडिओतल्या मांडणीची तऱ्हा याहून वेगळी होती. मागे रंगवलेला पडदा, बाजूला उंच तिवईवर फुलदाणी, टेबलावर पुस्तक आणि घड्याळ. बसणारा माणूस बदले, वस्तू त्याच राहत. या वस्तू कोणाच्याच नसत, म्हणून त्या कोणाच्याही मनाबद्दल काही सांगत नाहीत. त्या काळातल्या प्रतिष्ठेच्या कल्पनेबद्दल मात्र पुष्कळ सांगतात. १९३० च्या दशकात मुंबईत हौशी छायाचित्रकारांची मंडळे निघाली. १९३७ मध्ये स्थापन झालेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया त्यांतली एक. मंडळांच्या स्पर्धांमुळे ‘टेबलटॉप’, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेले छायाचित्र, हा शब्द रूढ झाला, आणि पुढे जाहिरातींच्या छायाचित्रणात त्याच कौशल्याला पोटापाण्याचे काम मिळाले.

हे कौशल्य काय असते, ते थोडे जवळून पाहायला हवे. माणसाला डोळे दोन असतात, म्हणून त्याला खोली कळते. कॅमेऱ्याचे भिंग एकच. तांब्याच्या मागे वीतभर अंतरावर ठेवलेला दिवा भिंगातून पाहिला की तांब्याच्या डोक्यावर उगवल्यासारखा दिसतो. मग मांडणारा टेबलाकडे येतो, दिवा दोन बोटे सरकवतो, परत कॅमेऱ्यामागे जातो; अशा पन्नास फेऱ्या होतात. खिडकीतल्या उन्हाची धार बोथट करायला काचेवर बटर पेपर लावतात. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की काळोखात बुडालेली कड उजळते. फळावरचे पाण्याचे थेंब लवकर ओघळतात, म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारतात. पितळेचा घासलेला तांब्या सर्वांत त्रासाचा, कारण त्याच्या पोटात खिडकी, टेबल आणि कॅमेऱ्यामागे वाकलेला माणूस असे सगळे उमटते. काळ्या कापडाला भिंगापुरते भोक पाडून त्यामागे लपल्याशिवाय छायाचित्रकाराला स्वतःच्या चित्रातून बाहेर पडता येत नाही. काहीजण मुद्दाम लपत नाहीत; आपली वाकलेली आकृती तांब्यात राहू देतात.

वस्तूंची मांडणी आणि मन यांचा संबंध मानसशास्त्राने विसाव्या शतकात स्पष्ट केला, आणि त्यात छायाचित्रांचा सहभाग मोठा आहे. सिग्मंड फ्रॉइड यांच्या व्हिएन्नातल्या खोल्यांत दोन हजारांहून अधिक प्राचीन मूर्ती आणि वस्तू होत्या. लिहिताना समोर त्यांची दाट रांग असे. १९३१ मध्ये कोलकात्याच्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेने त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हस्तिदंती विष्णुमूर्ती पाठवली, तिलाही टेबलावर मानाची जागा मिळाली. १९३८ मध्ये नाझींमुळे फ्रॉइड यांना घर सोडावे लागणार हे ठरल्यावर एडमंड एंगेलमन या तरुण छायाचित्रकाराने त्या खोल्या जशाच्या तशा टिपल्या. घरावर पाळत होती, म्हणून त्याला झगझगीत दिवे वापरता आले नाहीत. खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडावर काम भागवावे लागले. वस्तू फ्रॉइड यांनी मांडल्या आणि टिपल्या दुसऱ्याने. तरीही ती छायाचित्रे एका मनाची छायाचित्रे म्हणूनच पाहिली जातात.

कार्ल युंग यांचा अनुभव या विषयाच्या अधिक जवळचा आहे. १९१३ मध्ये फ्रॉइड यांच्याशी संबंध तुटल्यावर युंग यांचे मन सैरभैर झाले. लहानपणी ठोकळे रचण्यात आपण किती रमत होतो ते त्यांना आठवले, आणि अडतीस वर्षांचा तो नामांकित डॉक्टर दुपारचे जेवण झाले की झुरिच सरोवराच्या काठावर खडे वेचून खेळातले गाव बांधू लागला. घरे झाली, गढी झाली, देऊळ झाले; देवळात वेदी काही केल्या होईना. एके दिवशी पाण्याच्या कडेला लाल रंगाचा, पिरॅमिडसारखा खडा सापडला. तो घुमटाखाली ठेवताच त्यांना बालपणीचे एक विसरलेले स्वप्न आठवले. हात वस्तू मांडत राहिले की मनाला जे बोलता येत नाही ते वर येते, ही गोष्ट युंग यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवली.

लंडनमध्ये १९२९ च्या सुमारास मार्गारेट लोवेनफेल्ड या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एच. जी. वेल्स यांच्या ‘फ्लोअर गेम्स’ या पुस्तकावरून स्फूर्ती घेऊन मुलांसमोर वाळूची परात आणि छोट्या छोट्या वस्तू ठेवल्या. मुले त्यातून आपले जग उभारू लागली. स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी या पद्धतीला युंग यांच्या विचारांची जोड देऊन वाळूखेळाची उपचारपद्धती घडवली. परातीचे माप सुमारे ७२ बाय ५७ सेंटिमीटर ठरले. मान न वळवता एका नजरेत सगळे मावावे म्हणून हे माप. कॅमेऱ्याच्या चौकटीचे कामही हेच. परातीचा तळ निळा असतो, वाळू बाजूला सारली की पाणी दिसते. एखादे मूल तळ्याच्या मधोमध एकटी गाय ठेवते, एखादे घराला चारी बाजूंनी कुंपण घालून दार ठेवायला विसरते. मूल गेल्यावर उपचार करणारी व्यक्ती परातीचे छायाचित्र घेते आणि मग वाळू सारखी करून ठेवते. महिन्यांनंतर ही छायाचित्रे ओळीने मांडली की मनात काय बदलत गेले ते कळते. मनाचा शोध म्हणून घेतलेले रचित वस्तुछायाचित्र याहून शुद्ध स्वरूपात क्वचितच आढळेल, आणि ते घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतःला कधी छायाचित्रकार म्हटलेले नाही.

कलाक्षेत्रात हाच प्रवास अतिवास्तववाद्यांनी आणि इतरांनी केला. मॅन रे याने १९२० मध्ये शिवणयंत्र घोंगडीत गुंडाळून, दोरीने बांधून त्याचे छायाचित्र घेतले. मूळ गाठोडे टिकले नाही. छायाचित्र टिकले, आणि आत काय आहे हा प्रश्नही टिकला. एडवर्ड वेस्टन याने १९३० मध्ये ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात उभी ठेवून टिपली, तेव्हा ती वाकलेल्या पाठीसारखी दिसली. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला योसेफ सुदेक प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीत पाण्याचा पेला आणि अंडे ठेवून वर्षानुवर्षे तेच ते टिपत राहिला. सुरुवातीच्या काळात बाहेर नाझींचा अंमल होता, काचेवर दव साचलेले असे. या सगळ्यांत सुदेकचे काम सर्वांत थोर, कारण त्यात चमत्कृती नाही. रोजच्या पेल्याकडे तो इतका वेळ पाहत राहिला की पाहणाऱ्यालाही आपला श्वास मंद करावा लागतो.

मुंबईत या धाग्याला पुन्हा जोर आला तो १९६९ मध्ये. चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली. ते पैसे स्वतःच्या चित्रांवर खर्च न करता त्यांनी नेपियन सी रोडवर ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. तिथे १६ मिमीचा कॅमेरा, डार्करूम, एचिंगचा प्रेस अशी सामग्री होती, आणि चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले तिथे एकत्र काम करत. कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी वयाने सर्वांत लहान होत्या आणि त्यांच्यात एकमेव स्त्री. कराचीत जन्मलेल्या मलानींचे कुटुंब फाळणीत घर सोडून आले होते. कार्यशाळेत त्यांनी पुठ्ठ्याचे घराचे नमुने बांधले, त्यांवर रंगीत उजेड टाकला आणि एकेक चित्र टिपत ‘ड्रीम हाउसेस’ ही फीत केली. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या फितीचे नावच ‘स्टिल लाइफ’. तिच्यात कॅमेरा खोलीतल्या रोजच्या वस्तूंवर रेंगाळतो. कॅमेरा न वापरता, प्रकाशाला संवेदनशील कागदावर थेट वस्तू आणि सावल्या पाडूनही त्यांनी चित्रे केली.

‘ड्रीम हाउसेस’मधली घरे रंगांनी न्हालेली आहेत. नव्या देशात सगळ्यांना नवे घर मिळेल हा त्या पिढीचा विश्वास त्यांत दिसतो. सात वर्षांनी, १९७६ मध्ये, मलानींनी ती फीत मुंबईच्या एका काळ्या-पांढऱ्या फितीशेजारी ठेवली. खिडकीतून शहराकडे पाहणारी तरुणी या दुसऱ्या फितीत आहे. दोन्ही मिळून त्या कृतीचे नाव झाले ‘यूटोपिया’. पुठ्ठ्याची घरे तीच राहिली, शेजार बदलला आणि त्यांचा अर्थ उलटला. मांडणीचा हा मूळ नियमच आहे: वस्तूचा अर्थ तिच्या शेजारावर ठरतो. घर सुटलेल्या कुटुंबातल्या मुलीने पुठ्ठ्याची घरे बांधावीत, याचे वेगळे स्पष्टीकरण करावे लागत नाही.

या परंपरेतली अलीकडची सर्वांत मन हलवणारी कृती कलावंत जितीश कल्लाट यांची ‘एपिलॉग’ ही आहे. २०१० ते २०११ या काळात केलेल्या या कृतीत ७५३ छायाचित्रे आहेत. कल्लाट यांचे वडील २ एप्रिल १९३६ रोजी जन्मले आणि २ डिसेंबर १९९८ रोजी वारले. तेवढ्या आयुष्यात त्यांच्या डोक्यावरून २२,८८९ चंद्र गेले. प्रत्येक महिन्याला एक छायाचित्र, आणि त्यात चंद्राच्या कलांच्या जागी पोळी: पूर्ण पोळी म्हणजे पौर्णिमा, खाऊन अर्धी उरलेली म्हणजे अष्टमी, नुसती कड उरली की बीज. मराठी घरात लहान मुलाला भरवताना पोळीला चांदोमामा करणे नवे नाही. कल्लाट यांनी त्याच पोळीवर एका आयुष्याचा जमाखर्च मांडला. ताटातली पोळी घासागणिक कमी होते आणि दुसरी वाढली जाते, चंद्राचेही तेच. ज्याच्यासाठी हे मोजायचे तो माणूस मात्र शेवटच्या छायाचित्रापाशी थांबतो.

मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप चालू होते त्याच काळात राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला हा झाडीपट्टीचा भाग म्हणजे धानाचा मुलूख. १ मे १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे. धरणाजवळ, गोठणगाव-प्रतापगड परिसरात, १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत वसली. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी लोकांसाठी देशभर ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली महाराष्ट्रातली ही वसाहत. आसपासचे लोक तिला तिबेटी कॅम्प म्हणतात. बर्फाच्या मुलखातली माणसे विदर्भाच्या उन्हाळ्यात धान पिकवायला शिकली. सोबत त्यांनी जी शिस्त आणली ती वस्तू मांडून मन घडवण्याची आहे, आणि वस्तुछायाचित्राच्या अभ्यासकाने ती पाहण्यासारखी आहे.

तिबेटी घरातल्या देव्हाऱ्यासमोर पाण्याच्या सात वाट्या एका ओळीत असतात. सकाळी त्या डावीकडून उजवीकडे भरतात. दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढे अंतर, आणि पाणी काठापासून जवाच्या दाण्याएवढे खाली. वाट्या फार जवळ किंवा फार लांब गेल्या, पाणी सांडले किंवा कमी पडले, तर मांडणाऱ्याचे चित्त ठिकाणावर नव्हते असे समजतात. मोजमाप वाट्यांचे, परीक्षा मनाची. बाजूला तोरमा असतात, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ आणि लोणी मळून घडवलेली, रंगवलेली नैवेद्याची शिल्पे. दिव्यात एके काळी याकच्या गोठ्यातले लोणी जळे; भारतात त्याची जागा बऱ्याच घरांत डालडाने घेतली. देव्हाऱ्याच्या मधोमध दलाई लामांचे छायाचित्र असते. छायाचित्र इथे मांडणीतून निघालेले नाही. ते स्वतःच मांडणीतली एक वस्तू आहे.

मंडल अर्पण करण्याची रीत याहून सूक्ष्म आहे. धातूची गोल तबकडी मनगटाने पुसून घेतात. तिच्यावर तांदळाच्या मुठी ठरलेल्या जागी पडत जातात: मध्ये मेरू पर्वत, चार दिशांना चार खंड, मग सूर्य, चंद्र, रत्ने. सविस्तर विधीत अशा ३७ गोष्टी येतात. तबकडीवर कडी चढत जातात, रास उंचावते. पाहणाऱ्याला तांदूळ दिसतात. मांडणाऱ्याने त्या तांदळांत सगळे विश्व पाहायचे असते. पाहून झाले की तबकडी स्वतःकडे कलती करतात आणि सगळे तांदूळ मांडीवरच्या कापडात सांडतात. वाळूच्या मंडलाचेही असेच: भिक्षू दिवसेंदिवस रंगीत वाळूचा कण कण ठेवतात, शेवटी ब्रशने सगळे मध्याकडे ओढतात आणि वाळू वाहत्या पाण्यात सोडतात.

युंग १९३८ मध्ये भारतात असताना दार्जिलिंगजवळच्या भुतिया बस्तीत लिंगदम गोमचेन या लामाला भेटले होते. मंडल म्हणजे कल्पनेच्या बळावर उभारलेली मनातली प्रतिमा, कोणतेही मंडल दुसऱ्यासारखे नसते, आणि भिंतीवर टांगलेली मंडले ही खरी मंडले नव्हेत, असे लामाने त्यांना सांगितले. डोरा काल्फ यांनाही तिबेटी बौद्ध परंपरेची ओढ होती. सरोवराकाठच्या खड्यांपासून वाळूच्या परातीपर्यंतच्या वाटेवर तिबेटी मंडल असे दोनदा भेटते.

या तुलनेतून छायाचित्राचे नेमके काम कळते. मांडण्यात मनाचा जो शोध आहे त्याला कॅमेऱ्याची गरज नाही. रुखवत करणाऱ्या बायका, परातीपुढचे मूल आणि तबकडीवर तांदूळ ठेवणारा भिक्षू तो कॅमेऱ्याशिवाय करतात. मंडल मोडले जाते, कारण त्याला धरून ठेवू नये हीच त्याची शिकवण आहे. परात मोडली जाते, पण आधी तिचे छायाचित्र निघते, कारण बरे करण्यासाठी मागचे आठवावे लागते. रुखवताचा फोटो आणि ‘एपिलॉग’मधल्या पोळ्या याच्या पलीकडे जातात, तिथे गमावलेले माणूस किंवा सुटलेले घर धरून ठेवणे हाच हेतू असतो. यांतले श्रेष्ठ कोणते हे ठरवता येत नाही. पण मांडणी नुसती सुबक आहे, आणि तिच्यामागे धरण्याची किंवा सोडण्याची कसलीच निकड नाही, अशी वस्तुछायाचित्रे आज ढिगाने निघतात. जाहिरातीच्या कामी ती उपयोगी पडतात, मनाबद्दल ती काही सांगत नाहीत.

तिबेटी रिवाजाप्रमाणे देव्हाऱ्यापुढच्या सात वाट्या संध्याकाळी उजवीकडून डावीकडे रिकाम्या करतात. पाणी झाडांना घालतात, वाट्या कोरड्या पुसतात आणि पालथ्या ठेवतात. रिकामी वाटी उताणी ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पुन्हा जवाच्या दाण्याएवढ्या अंतराने मांडल्या जातात.